फारसा फरक पडत नाही

तास संपायला चार मिनिटं उरली होती. फळ्यावर दोन शंकू काढलेले होते, एक उलटा आणि एक सुलटा, टोकाला टोक भिडवलेले. खालचा शंकू मी खडू आडवा धरून भरून टाकला होता, कारण तिथल्या सगळ्या जागांवर इलेक्ट्रॉन बसलेले असतात. वरचा मोकळा सोडला होता. टोपोलॉजिकल सेमीमेटल, म्हणजे धातू आणि रोधक यांच्या सीमेवरचे पदार्थ, शिकवायला घेतले की हे चित्र पहिल्या अर्ध्या तासात फळ्यावर येतंच, आणि मला ते काढायला अजूनही आवडतं. दोन्ही टोकं नेमकी एका बिंदूत मिळाली की हाताला बरं वाटतं. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरून हात वर आला. "मॅडम, हे सगळं आपण एकाच इलेक्ट्रॉनचं गणित करून काढलं ना? मग बाकीचे कुठे गेले? ते एकमेकांना ढकलत असतील की." मी घड्याळाकडे पाहिलं. "ढकलतात," मी म्हणाले, "पण त्यानं फारसा फरक पडत नाही." आणि डस्टर उचललं. फळा पुसून बाकांच्या रांगेतून बाहेर पडताना प्रश्न विचारणाऱ्या मुलीच्या उघड्या वहीवर नजर गेली. माझं वाक्य तिनं शब्दशः उतरवून घेतलं होतं आणि त्याखाली पट्टी ठेवून रेघ मारली होती.

गेली चौदा वर्षं मी ज्या एका गोष्टीवर काम करते आहे, ती गोष्ट म्हणजे नेमका तो फरक. इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात तेव्हा या शंकूंचं काय होतं, एवढाच माझा विषय. त्यावर प्रबंध लिहिला, त्यावरच पोट चालतं, रात्री अंथरुणावर पडल्यावर डोळ्यांसमोर जी गणितं फिरतात तीही त्याचीच. आणि कुणीतरी पहिल्यांदा, आपणहून, अगदी वर्मावर बोट ठेवून तोच प्रश्न विचारला तेव्हा मी तो चार मिनिटांत मिटवून टाकला. उत्तर धडधडीत चुकीचं असतं तर पुढच्या तासाला दुरुस्त केलं असतं आणि विसरून गेले असते. पण ते चुकीचंही नव्हतं. म्हणूनच ते जास्त सलत राहिलं.

त्या वाक्याखालची ती सरळ रेघ काही डोळ्यांसमोरून हलेना.

वाक्य माझं नाहीच. मलाही ते कुणीतरी असंच फळ्यासमोर उभं राहून सांगितलं होतं, आणि सांगणाऱ्याला त्याच्या आधीच्यानं. धातूंच्या बाबतीत ते खरं ठरलं आहे, आणि तसं ते खरं ठरावं हेच मुळात नवल आहे. एका घन सेंटिमीटर तांब्यात मोकळे इलेक्ट्रॉन किती, तर ८५ वर २१ शून्यं मांडावीत इतके. प्रत्येकावर सारखाच ऋण भार, प्रत्येक जण दुसऱ्याला दूर लोटणारा, आणि ही लोटालोट काही किरकोळ नाही. शेजारच्या दोघांमधली ढकलण्याची ऊर्जा त्यांच्या धावण्याच्या ऊर्जेच्या तोडीची असते. तरीही एकट्या इलेक्ट्रॉनचं गणित केलं तर तांब्याचे गुणधर्म बऱ्यापैकी बरोबर येतात. हे का होतं ते १९५६ मध्ये सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ लांडाऊनं उलगडून दाखवलं. एक इलेक्ट्रॉन पुढे सरकतो तेव्हा आजूबाजूचे थोडे मागे सरतात, त्याच्याभोवती एक पोकळी तयार होते, आणि त्या पोकळीत उघडा पडलेला धन भार त्याचा ऋण भार झाकून टाकतो. अणूच्या आकाराएवढ्या अंतरापलीकडे त्याचं ढकलणं कुणाला जाणवतच नाही. शिवाय दोघांची टक्कर व्हायची तर टकरीनंतर बसायला दोघांनाही मोकळ्या जागा हव्यात, आणि खालच्या जागा आधीच भरलेल्या. म्हणून टकरीही दुर्मीळ. पोकळीसकट चालणारा तो इलेक्ट्रॉन, ज्याला आम्ही क्वासिपार्टिकल म्हणतो, जवळजवळ एकटा असल्यासारखा वागतो. म्हणजे तांब्यात फरक पडत नाही तो सगळ्यांनी मिळून एकमेकांना झाकल्यामुळे. गर्दी आहे म्हणून एकांत आहे. हे मी वर्गात नेहमी सांगते, आणि सांगताना मला अजूनही आतून काहीतरी हलल्यासारखं होतं. त्या दिवशी मात्र सांगितलं नाही.

आणि फळ्यावर त्या दिवशी तांबं नव्हतंच.

फळ्यावर शंकू होते. त्यांचं टोक म्हणजे दोन ऊर्जापट्टे, इलेक्ट्रॉनला मुभा असलेल्या ऊर्जांचे दोन पट्टे, जिथे एकमेकांना जेमतेम शिवतात तो बिंदू. या बिंदूपाशी इलेक्ट्रॉनची ऊर्जा त्याच्या संवेगाच्या सरळ प्रमाणात वाढते, प्रकाशाची वाढते तशी, त्यामुळे तिथला इलेक्ट्रॉन वस्तुमान नसल्यासारखा धावतो. १९२८ मध्ये डिरॅकनं आणि १९२९ मध्ये वाइलनं समीकरणं लिहिली ती मूलकणांसाठी. १९३७ मध्ये हेरिंगनं दाखवलं की स्फटिकातले पट्टेही असे योगायोगानं एकमेकांना बिंदूत भिडू शकतात. त्यानंतर तब्बल ७४ वर्षांनी, २०११ मध्ये, इरिडियमच्या काही ऑक्साइडांत असे वाइल बिंदू असतील असं भाकीत झालं, आणि २०१५ मध्ये प्रिन्स्टन आणि बीजिंगच्या गटांनी ते प्रत्यक्ष पाहिले ते टॅन्टॅलम आर्सेनाइड या वेगळ्याच पदार्थात. त्यात असे २४ बिंदू आहेत. प्रकाश पाडून पृष्ठभागावरून उडवलेल्या इलेक्ट्रॉनांची ती चित्रं पहिल्यांदा पाहिली तो दिवस मला आठवतो. धुरकट पार्श्वभूमीवर दोन उजळ रेघा एकमेकींना छेदून जात होत्या, आणि वरच्या थरावर चंद्रकोरीसारखा एक चाप, दोन बिंदूंना जोडणारा, कुठेही बंद न होणारा. तेव्हापासून एक शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला: संरक्षित. वाइल बिंदूला टोपोलॉजीचं, म्हणजे ताणलं-वाकवलं तरी न बदलणाऱ्या गुणांच्या गणिताचं, संरक्षण आहे, त्याला किरकोळ धक्क्यानं पुसता येत नाही, विरुद्ध जातीचा जोडीदार बिंदू येऊन भिडेल तेव्हाच दोघं मिळून नाहीसे होतील. हे खरं आहे. पण 'संरक्षित' या शब्दाची एक गुंगी असते. बिंदू शाबूत राहतो म्हणजे त्याच्याभोवतीचं सगळंच जसंच्या तसं राहतं, असं आपण नकळत धरून चालतो. शंकूचं टोक जागेवर राहील. शंकूच्या बाजू सरळ राहतील असं टोपोलॉजीनं कुणालाही वचन दिलेलं नाही.

कारण त्या टोकाशी कुणीच नसतं. तिथे बसायला जागाच शून्य. ग्राफीनसारख्या, एका अणूच्या जाडीच्या कार्बनच्या पापुद्र्यात टोकापासून दूर जावं तशा जागा ऊर्जेच्या प्रमाणात वाढतात, त्रिमितीतल्या वाइल पदार्थात ऊर्जेच्या वर्गाच्या प्रमाणात. पण नेमक्या बिंदूवर दोन्हीकडे रितेपण. आता तांब्यातली ती झाकाझाक आठवा. झाकायला आजूबाजूला कुणीतरी लागतं. इथे मागे सरून पोकळी करणारं कुणी नाही, भार झाकणारं कुणी नाही. मग एका इलेक्ट्रॉनचं ढकलणं अंतरानं मंद होत जातं खरं, पण तुटत नाही. लांब, खूप लांबच्या इलेक्ट्रॉनपर्यंत ते पोहोचत राहतं. निर्जन माळावर लांबची हाक स्पष्ट ऐकू येते, तसं. ज्या ठिकाणी इलेक्ट्रॉन सगळ्यांत विरळ, त्याच ठिकाणी एकमेकांचं अस्तित्व सगळ्यांत जास्त जाणवणारं. माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न, बाकीचे कुठे गेले, तांब्यासाठी विचारला असता तर 'फरक पडत नाही' हे उत्तर चाललं असतं. तिनं तो बरोब्बर जिथे चालत नाही तिथे विचारला होता.

हे सगळं कागदावर फार आधी कळलं होतं. १९७१ मध्ये अब्रिकोसोव आणि बेनेस्लाव्स्की यांनी असे बिंदू असलेल्या पदार्थांत इलेक्ट्रॉनांच्या परस्परक्रियेनं काय होईल ते मांडून ठेवलं, तेव्हा दाखवायला हातात एकही पदार्थ नव्हता. १९९४ मध्ये गोन्झालेस, गिनेआ आणि व्होजमेदियानो यांनी कार्बनच्या एकाच थरासाठी, म्हणजे ग्राफीनसाठी, हिशेब केला. तो थर गाइम आणि नोव्होसेलोव यांनी चिकटपट्टीनं ग्राफाइट सोलून वेगळा काढला तो पुढे दहा वर्षांनी, २००४ मध्ये. त्या हिशेबाचा निष्कर्ष असा की टोकाच्या जितकं जवळ जावं तितका इलेक्ट्रॉनचा वेग वाढत जातो. एकमेकांना ढकलणारी मंडळी एकमेकांना मंद करतील असं कुणालाही वाटेल. इथे उलट होतं. मी हा हिशेब स्वतःच्या हातानं पहिल्यांदा केला तेव्हा संशोधनाला लागून चार महिने झाले होते. एक संकलन (इंटिग्रेशन) होतं, दिसायला निरुपद्रवी. कोनाचा भाग सुटला, मग उरलेल्या भागात अंशस्थानी एक आणि छेदस्थानी संवेग, बाकी सगळं कटून गेलं. छेदात नुसता संवेग राहिला की उत्तर लॉगॅरिदम येणार हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं, तरी मी पेन खाली ठेवून त्या ओळीकडे बघत बसले. लॉगॅरिदमचा स्वभाव मला तेव्हा कळला. टोकाच्या दहापट जवळ गेलं की वेगात एक ठरावीक भर. आणखी दहापट जवळ, पुन्हा तेवढीच भर. आणखी दहापट, पुन्हा तेवढीच. पायऱ्या संपत नाहीत, पायरीची उंची बदलत नाही, पण पुढची पायरी गाठायला दर वेळी दहापट चालावं लागतं. इतका सावकाश चढणारा जिना, की घाईत असलेल्या माणसाला ती सपाट जमीनच वाटावी.

आमच्या भाषेत याला नाव आहे. अशी परस्परक्रिया 'किंचित अप्रस्तुत' असते. ढकलण्याचं बळ मोजायचं माप म्हणजे सूक्ष्मरचना स्थिरांक. निर्वात पोकळीतल्या विद्युत्चुंबकीय बलासाठी तो सुमारे १ भागिले १३७, म्हणून तिथे सगळं मायेनं, हळुवार चालतं. ग्राफीनमध्ये इलेक्ट्रॉनचा वेग प्रकाशाच्या ३०० व्या हिश्श्याएवढा, आणि वेग छेदात येतो, म्हणून तोच स्थिरांक तिथे ३०० पट होतो: सुमारे २.२. म्हणजे जबरदस्त बळ. पण हे बळच वेग वाढवतं, वेग वाढला की बळ कमी होतं, बळ कमी झालं की वाढलेल्या वेगाच्या मानानं पुढची भर लहान ठरत जाते. स्वतःच्याच परिणामानं स्वतः झिजत जाणारी गोष्ट. अनंत जवळ गेलं तर ती संपते, म्हणून पुस्तकं म्हणतात अप्रस्तुत. पण अनंतापर्यंत कुठला नमुना पोहोचतो? नमुन्याला कडा असते, तापमान असतं, मळ असतो. आपण मोजतो ते सगळं जिन्याच्या मधल्याच पायऱ्यांवर. 'शेवटी फरक पडत नाही' आणि 'फरक पडत नाही' ही दोन वाक्यं मला त्या चार मिनिटांत एकच वाटली होती.

२०११ मध्ये मँचेस्टरच्या गटानं हा जिना मोजून दाखवला. त्यांचा नमुना मला कायम हळवा करतो. ग्राफीन एरवी सिलिकॉन ऑक्साइडवर ठेवतात, पण त्या आधाराचा मळ आणि त्याची झाकाझाक दोन्ही नकोत म्हणून खालचा थर ॲसिडनं खाऊन टाकायचा, मग दोन धातूच्या टोकांमध्ये तो पापुद्रा हवेत ताणलेला राहतो. एका अणूच्या जाडीचा झुलता पूल. त्यात इलेक्ट्रॉनांची संख्या कमी करत करत टोकाच्या जवळ जायचं, चुंबकी क्षेत्र बदलायचं, की रोधकतेत लाटा उठतात. मग तापमान थोडं थोडं वाढवायचं आणि लाटा कशा विरत जातात ते पाहायचं. लाट किती लवकर विरते त्यावरून इलेक्ट्रॉनचं चक्राकार फिरण्यातलं वस्तुमान निघतं, वस्तुमानावरून वेग. दर मोजणीला एक बिंदू. सरळ शंकू असता तर सगळे बिंदू एका आडव्या रेघेवर पडले असते. ते पडले नाहीत. टोकाकडे जाताना वेग सेकंदाला १० लाख मीटरवरून चढत चढत ३० लाखांच्या आसपास गेला. शंकूच्या बाजू सरळ नव्हत्या. टोकापाशी त्या आत दबून निमुळत्या झाल्या होत्या, कुणीतरी चिमटीत धरून वर ओढल्यासारख्या. तो आलेख मी छापून टेबलासमोरच्या भिंतीवर लावला होता. आता कागद पिवळा पडला आहे, पण बिंदूंवरचे त्रुटिदंड, मोजणीतली अनिश्चितता दाखवणाऱ्या त्या उभ्या रेघा, अजून दिसतात.

तरीही मी फळ्यावर शंकू सरळच काढते.

आणि आता त्या वाक्याची दुसरी बाजू, जी मला जास्त छळते. २००८ मध्ये याच मँचेस्टरच्या गटानं एक साधं मोजमाप केलं होतं. धातूच्या पत्र्यातल्या केसाएवढ्या भोकावर ग्राफीनचा पापुद्रा अर्धवट पसरला आणि मागून प्रकाश सोडला. फोटोत भोकाचा उघडा भाग पांढरा, एक थर असलेला भाग जरासा मळकट, दोन थरांचा आणखी जरासा. एक थर २.३ टक्के प्रकाश गिळतो. हा आकडा म्हणजे पाय (π) गुणिले तोच १ भागिले १३७. त्यात कार्बनचं काहीच नाही, इलेक्ट्रॉनचा वेगसुद्धा नाही, तो हिशेबात कटून जातो. आता विचार करा, ढकलाढकलीनं वेग तिप्पट होऊ शकतो, बळाचं माप २.२ आहे, आणि प्रकाश गिळण्याच्या आकड्यावर त्याचा मागमूस नाही. का? हे शोधायला बऱ्याच जणांनी ढकलण्यामुळे या आकड्यात होणारी पहिली दुरुस्ती काढली आणि भांडण सुरू झालं. तीच आकृती, तेच संकलन, आणि तीन उत्तरं. एकाचं पंचवीस वजा सहा पाय, भागिले बारा, म्हणजे सुमारे ०.५१. दुसऱ्याचं बावीस वजा सहा पाय, भागिले बारा, सुमारे ०.२६. तिसऱ्याचं एकोणीस वजा सहा पाय, भागिले बारा, सुमारे ०.०१. फरक सगळा संकलनाची वरची मर्यादा कुठे आणि कशी घेतली यात. संवेगालाच कात्री लावली तर पहिलं, मितीच पूर्णांकातून जराशी सरकवली तर दुसरं, ढकलण्याच्या बलाला लांबच्या संवेगांपाशी हळूहळू विझवलं तर तिसरं. मी विद्यार्थिनी असताना माझ्या वहीत ०.२६ आलं होतं. शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्याच्या वहीत ०.५१. आम्ही दोघं एक अख्खी दुपार एकमेकांच्या ओळी तपासत बसलो होतो, एकही चूक सापडली नाही. दोघांचंही गणित बरोबर, आणि दोघांचंही निसर्गाशी जुळत नव्हतं. त्या दुपारचं ते विचित्र थिजलेपण मी विसरलेले नाही. चूक सापडली नाही की माणूस सुटायला हवा. आम्ही उलट अडकलो.

मोजमापाच्या जवळ जातो तो आकडा ०.०१, बल विझवण्याच्या वाटेनं मिश्चेन्को यांनी २००८ मध्ये काढलेला. एकट्या इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेत होणारी दुरुस्ती आणि प्रकाशानं उठवलेला इलेक्ट्रॉन आणि त्याची मागे उरलेली रिकामी जागा, म्हणजे होल, या जोडीत राहणारी ओढ, या दोन मोठ्या गोष्टी एकमेकींना जवळजवळ पूर्ण कापतात, आणि उरतो तो हा एक शतांश. म्हणजे इथे खरोखर फारसा फरक पडत नाही. माझं वाक्य इथे अक्षरशः खरं आहे. फक्त ते खरं असण्यामागे दोन दांडग्या बलांची रस्सीखेच आहे, आणि दोर जागच्या जागी थरथरतो आहे. लांबून पाहणाऱ्याला दोर स्थिर दिसतो, एवढंच. 'फरक नाही' याचे इतके वेगवेगळे अर्थ असू शकतात हे मला या एका आकड्यानं शिकवलं, आणि तरी मी ते वर्गात एका दमात बोलून गेले.

बाकीचे कुठे गेले, या प्रश्नानं तर आमच्या क्षेत्राला एकदा चांगलंच अडवलं होतं. २००९ मध्ये द्रुत आणि लाहदे यांनी मोठ्या संगणकावर अणुकेंद्रकाच्या सिद्धान्तातली तंत्रं वापरून हिशेब केला की ढकलण्याचं माप सुमारे १.१ च्या वर गेलं तर ग्राफीनचे शंकू एकमेकांपासून तुटतील, मध्ये फट पडेल आणि पापुद्रा विद्युत्‌रोधक होईल. हवेत टांगलेल्या ग्राफीनचं माप २.२. दुप्पट. मग तो रोधक असायलाच हवा होता. मँचेस्टरच्या झुलत्या पुलावर फट शोधली. इलेक्ट्रॉनव्होल्टच्या दहा हजाराव्या भागापर्यंत खाली जाऊनही फट सापडली नाही. गणित पक्कं, प्रयोगही पक्का. गाठ सुटली २०१३ च्या सुमारास, आणि सुटली ती अशी: कार्बनच्या चार बाह्य इलेक्ट्रॉनांपैकी शंकू घडवणारा एकच. उरलेले तीन शेजारच्या अणूंशी घट्ट बंध करून बसलेले असतात, ते वाहत नाहीत, म्हणून आम्ही त्यांना चित्रातून काढून टाकलं होतं. पण तेही जरा मागेपुढे सरकू शकतात, आणि जवळच्या अंतरावरचं ढकलणं तेवढ्यानं बोथट होतं. त्यांना हिशेबात परत घेतलं आणि ग्राफीन पुन्हा सेमीमेटल झालं. बंधात अडकलेले, वाहण्याच्या गोष्टीत कुणीही न मोजलेले तीन इलेक्ट्रॉन. बाकीचे कुठे गेले, तर ते तिथेच होते, धरून बसले होते, म्हणून तर शंकू टिकला.

यानंतरच्या बऱ्याच गोष्टी आता सगळ्यांना ठाऊक आहेत, त्या मी भरभर सांगते. ग्राफीनचे दोन थर १.१ अंशानं फिरवून ठेवले की शंकू चपटे होतात, वेग जवळजवळ थांबतो, आणि ढकलण्याला रान मोकळं मिळतं; २०१८ मध्ये एमआयटीत त्यातून रोधकही निघाला आणि अतिवाहकही. सीरियम, बिस्मथ आणि पॅलेडियमच्या एका संयुगात वाइल इलेक्ट्रॉन इतके जड होतात की त्यांचा वेग हजारपटीनं घसरतो. पट्टे बिंदूत सरळ न भिडता दोन वाटीसारखे भिडले तर लांडाऊचं चित्रच मोडतं, क्वासिपार्टिकल म्हणावं असं काही उरत नाही; हेही अब्रिकोसोव यांनी आधीच लिहून ठेवलं होतं. पण मला थांबावंसं वाटतं ते उष्णतेपाशी. विडेमान आणि फ्रान्झ यांनी १८५३ मध्ये सांगितलं की चांगला विद्युत्‌वाहक तो चांगला उष्णतावाहक, आणि दोघांचं गुणोत्तर धातूधातूत सारखं. भार वाहणारा आणि उष्णता वाहणारा हमाल एकच असतो, म्हणून. २०१६ मध्ये हार्वर्डच्या गटानं स्वच्छ ग्राफीनमध्ये टोकापाशी हे गुणोत्तर सुमारे वीसपट फुगलेलं पाहिलं, आणि २०२५ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या गटानं २०० पटीहून जास्त. टोकापाशी इलेक्ट्रॉन आणि होल सारख्याच संख्येनं असतात. विद्युत्‌क्षेत्र लावलं की ते विरुद्ध दिशांना धावतात आणि आपसांत धडकून प्रवाह अडवतात. उष्णता दिली की दोघंही एकाच दिशेनं निघतात, धडकतात तेव्हाही एकूण रेटा कायम राहतो, आणि उष्णता सुसाट जाते. एकच धडक, एका कामात अडथळा, दुसऱ्यात नाही. एकट्या इलेक्ट्रॉनच्या चित्रात हे मावतच नाही. तिथे धडकायला दुसरा कुणी नाही.

हार्वर्डच्या त्या मोजणीच्या सुमारास इलेक्ट्रॉन पाण्यासारखे वाहतात हे दिसू लागलं. इस्रायलच्या वाइझमान संस्थेत २०१९ मध्ये अरुंद पट्टीतल्या प्रवाहाचं चित्र काढलं: मधोमध जोर, कडांना मंद, नळीतल्या पाण्यासारखा कमानदार आकार. ते पाहून मी इतकी हरखले होते की पुढे कुठेही कमान दिसली, भोवरा दिसला, की त्याचं श्रेय लगेच परस्परक्रियेला देऊन टाकायचे. मग २०२२ मध्ये त्याच संस्थेतून टंगस्टन टेलुराइड या सेमीमेटलमधले इलेक्ट्रॉनांचे भोवरे आले, सुंदर, स्पष्ट गोल फिरणारे. आणि ते मोजणाऱ्यांनीच सांगितलं की हे भोवरे इलेक्ट्रॉनांच्या आपसांतल्या टकरींमुळे नाहीत, पृष्ठभागावर इलेक्ट्रॉन लहान लहान कोनांत विखुरले जातात त्यामुळे आहेत. तो निबंध वाचताना मला आधी वाईट वाटलं, मग त्या लोकांविषयी फार आदर वाटला. जिथे ढकलण्याचा फरक पडतो असं मला मनापासून हवं होतं, तिथे तो पडला नव्हता.

पुढच्या तासाला मी त्या मुलीला थांबवून सांगणार होते. शब्दही जुळवून ठेवले होते. पण तास संपल्यावर ती आपणहूनच माझ्या खोलीच्या दाराशी आली. "मॅडम, तुम्ही म्हणालात फारसा फरक पडत नाही, म्हणून म्हटलं किती पडत नाही ते काढून बघावं." वहीची तीन पानं भरली होती. पहिल्या पानाच्या डोक्यावर ते वाक्य, रेघेसकट, आणि त्याखाली लगेच संकलन. कोनाचा भाग तिनं माझ्यापेक्षा सुबक सोडवला होता. वेगाची दुरुस्ती बरोबर आली होती, लॉगॅरिदमभोवती पेन्सिलीनं दोनदा गोल केला होता. मी तिला त्या दिवशीच्या उत्तराबद्दल सांगायला सुरुवात केली. ती ऐकत होती, पण डोळे पानावरच होते. तिसऱ्या पानावर ती प्रकाश गिळण्याच्या आकड्यापर्यंत पोहोचून अडकली होती, आणि तिला घाई होती ती त्याची.

"इथून पुढे जाता येत नाहीये," ती बोट ठेवून म्हणाली. "वरची मर्यादा कुठे घेऊ? संवेगाला लावू की बलाला? दोन्ही करून पाहिलं. वेगवेगळं येतंय आणि चूक सापडत नाहीये."

मी दुसरी खुर्ची ओढली आणि माझी जुनी वही शोधायला कपाट उघडलं.